नागोराव सरांची चूक छापलीच पाहिजे

पण सर, एक चूक निघाली म्हणून अख्खं पुस्तक फडक्यात बांधून माळ्यावर ठेवायचं, हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. तुम्ही म्हणता, जो देश डोळ्यांनी बघितला नाही त्याच्याबद्दल छापू नये. मग मी बघितलाय ना! चार वर्षं झाली, रोज बघून राहिलो. तुम्ही दर रविवारी फोनवर तेच म्हणता, मी तेच म्हणतो, आणि शेवटी काकू मागून ओरडतात, "अहो, त्या लेकरानं जेवण केलं का ते तरी विचारा!"

वाचकहो, माफी असावी. गौरवग्रंथाच्या समितीनं मला बजावून सांगितलं होतं, "मारोती, दोन पानं लिही, चांगलं चांगलं लिही, भांडण लिहू नको." पण माझं सरांशी नातंच असं आहे की भांडल्याशिवाय त्यांच्याबद्दल बोलायला तोंड उघडत नाही. शाळा माझी नववीत सुटली. वसमतला हळद शिजवायच्या टाक्यांना जोड मारता मारता वेल्डिंग शिकलो, तिथून आखातात गेलो, आणि आता कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर जहाजाच्या कारखान्यात आहे. लिहायची सवय नाही. जसं बोलतो तसं लिहितो.

आमचे नागोराव गुरव सर यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. हट्ट्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. शाळेत असतानाच गावचं वाचनालय हातात घेतलं, ते आजही सांभाळतात. औंढ्याला त्यांच्या घराण्याची देवाच्या सेवेची पाळी असते. पाळी आली की सर पहाटेच्या एसटीनं बेलाची पिशवी घेऊन जातात आणि परत येताना त्याच पिशवीत कादंबरी घेऊन वाचत येतात. हे सगळ्यांना माहीत आहे. पण सरांनी 'आधुनिक कोरियन कादंबरीतला धर्म' या विषयावर सहा वह्या भरून पुस्तक लिहिलं आहे, हे हट्ट्याबाहेर फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून मी आज ओरडून सांगून राहिलो.

कोरिया हट्ट्यात आला कसा? सरांचा पुतण्या पुण्याला एका कोरियन कंपनीत होता. बदली झाली तेव्हा त्यानं पुस्तकांचं एक खोकं वाचनालयाला देऊन टाकलं. सगळ्या कोरियन कादंबऱ्या, इंग्रजीत आलेल्या. वाचनालयात इंग्रजी वाचणारे एकटे सर. त्यांनी एक उघडली आणि मग सोडलीच नाही. पुढं दर गुरुवारी संध्याकाळी ते वाचनालयात बसून त्यातलं प्रकरण तोंडी मराठीत सांगू लागले. ऐकायला आधी चार जण होते. नंतर ओटा पुरेना.

माझी आणि सरांची खरी ओळख मात्र वर्गातली नाही, मेंढरातली आहे. माझ्या आईच्या अंगात येतं. दर मंगळवारी बाया प्रश्न घेऊन यायच्या, आई घुमायची, आणि बुधवारी शाळेत पोरं माझ्यासमोर केस मोकळे सोडल्यासारखं करून घुमून दाखवायची. नववीत एकदा मी एकाचं नाक फोडलं आणि शाळेत जायचं बंद केलं. चार दिवसांनी सर थेट रानात आले. आमची मेंढरं एका शेतात बसवलेली होती. मला वाटलं, आता आईसमोर माझी कानउघाडणी. तर सरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून वही काढली आणि आईसमोर मांडी घालून बसले.

"सुभद्राबाई, एक पुसायचं होतं. देवी अंगातून गेली की पुढं काय होतं?"

आई गोंधळली. "काहून पुसता सर? शाळंत धडा हाय का?"

"धडा न्हाई बाई, कादंबरी हाय. परदेशातली. त्यात एक बाई हाय, तुमच्यासारखीच. तिच्या अंगात येतं, मेलेली माणसं तिच्या तोंडून बोलतात. तिचं सगळं झालं की तिची पोरगी दर वेळी तिच्या पायावर पांघरूण टाकते. फक्त पायावर. मी तीनदा वाचलं. ते काहून, तेच कळंना."

आई हसली. मी तिला कोणत्याही साहेबासमोर असं हसताना बघितलं नव्हतं. म्हणाली, "त्यात काय न कळण्यासारखं? अंगातून गेलं की पयले पाय गार पडतात. बर्फावानी. मंग भूक लागती. पोरगी शहाणी हाय तिची."

सर उठून उभे राहिले. त्या ढेकळात उभे राहून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "बराबर! बराबर!" मेंढरं बुजली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शाळेत ये न्हाईतर नको येऊ, तुझी मर्जी. पण गुरुवारी आईला घेऊन ये. ही बाई मला पाहिजे."

मी शाळेत परत गेलो नाही. गुरुवारी मात्र गेलो, आईला घेऊन. त्या दिवसापासून आईची मला कधी लाज वाटली नाही. हे उपकार मोजायचं माप माझ्याकडं नाही.

आता सरांच्या विचाराबद्दल दोन शब्द. मला जितकं समजलं तितकंच सांगतो. सर म्हणतात, या कादंबऱ्यांत देव देवळात कमी सापडतो आणि घरात जास्त. एकाच घरात आजी घुमणाऱ्या बाईकडं जाते, बाप पूर्वजांचं ताट मांडून दंडवत घालतो, एक भाऊ डोंगरावरच्या बुद्धाच्या मठात निघून गेलेला असतो, आणि नवी सून रविवारी चर्चला जाते. लढाई होऊन गेलेली, देश तुटलेला, माणसं गावं सोडून शहरात आलेली. मग जुनं काय ठेवायचं, नवं काय धरायचं, याचं भांडण राजाच्या दरबारात होत नाही, स्वयंपाकघरात होतं. कोण कुणासमोर वाकणार आणि कोण वाकणार नाही, एवढ्यावर अख्खी कादंबरी उभी राहते. आणि आजकालच्या शहरातल्या कादंबऱ्यांत देव सुटला असं वाटतं, तोच पोराची कॉलेजची परीक्षा येते आणि आई शंभर दिवस प्रार्थनेला जाऊन बसते. हे सांगितलं त्या गुरुवारी आमचे किसनअप्पा मोठ्यानं म्हणाले होते, "म्हंजे नवसच की वो सर! फक्त नारळ न्हाई!"

सरांचं मोठेपण असं की हे सगळं त्यांनी वहीत लिहून ठेवलं, ज्याचं त्याच्या नावानं. मोठमोठ्या विद्वानांची नावं खाली बारीक अक्षरात देतात ना, तशी सरांच्या वहीत नावं आहेत. 'हट्ट्याच्या सुभद्राबाईंच्या मते.' 'किसनअप्पांनी ध्यानात आणून दिल्याप्रमाणे.' एका कादंबरीतली घुमणारी बाई श्रीमंत घरी जाऊन मोठा विधी करते, त्यावर आई म्हणाली होती, "बाई खोटं बोलत न्हाई सर. पण पैशे लई घेते." सरांनी हेही जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि त्याच्यावर दोन पानं लिहिली. माझ्या आईला सही करता येत नाही. सरांच्या पुस्तकात तिचं नाव नऊ ठिकाणी आहे. मी मोजलंय.

मी इथं आलो तेव्हा पहिल्या हिवाळ्यात माझं मन लागत नव्हतं. परत यायचं ठरवलंच होतं. सरांना ते कुणी सांगितलं माहीत नाही, पण एका शुक्रवारी माझ्या फोनवर दीड तासाचं रेकॉर्डिंग आलं. अख्खा गुरुवार! सरांचं सांगणं, मधेच कुणाचं खोकणं, कुणाची तरी शेळी ओरडून राहिली, आईचा आवाज, "सर, त्या पोराचं पुढं काय झालं ते आदी सांगा." तेव्हापासून एकही गुरुवार चुकलेला नाही. सरांना ताप होता त्या आठवड्यातही आला, आवाज बसलेला होता तरी. मी जहाजाच्या पोटात वेल्डिंग करतो, कानात हट्टा असतो. बाहेर आलो की समोरच्या टेकडीवर चर्चचा लाल दिव्याचा क्रूस दिसतो, त्याच्यामागं डोंगरात मठ आहे, आणि खाली मासळीबाजाराजवळच्या बोळात एका घरावर बांबूला झेंडा लावलेला आहे. ते घुमणाऱ्या बाईचं घर. तीनही एका नजरेत! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रस्त्यातूनच सरांना फोन लावला होता, "सर, तुमचं चौथं प्रकरण माझ्यासमोर उभं हाय!"

आता चुकीचं सांगतो.

एका कादंबरीत चर्चला जाणारी सून आहे. सासऱ्याच्या तिथीला पूर्वजांचं ताट मांडतात, त्यासमोर वाकायला ती नाही म्हणते. घरात वर्षानुवर्षं धुसफूस. मग एका वर्षी नवरा परगावी असतो, सासू अंथरुणाला खिळलेली, ताट मांडायला कुणीच नाही. त्या संध्याकाळी सून भात शिजवते, वाटीत भरते, त्यात चमचा उभा खोचते, आणि खोलीतून निघून जाऊन थंडीत अंगणात उभी राहते. बस. लिहिणाऱ्यानं पुढं एक अक्षर सांगितलेलं नाही.

सरांनी यावर अकरा पानं लिहिली होती. आपल्याकडं भरल्या ताटावरून उठणं म्हणजे केवढा राग! सरांनी तेच धरलं. सून चिडली, चमचा भातात खुपसला, न जेवता बाहेर गेली. नव्या धर्मानं जुन्या घराकडं पाठ फिरवली ती अशी. पानं इतकी सुंदर होती की गुरुवारी ऐकताना बाया रडल्या होत्या. नांदेडच्या छापखान्यात पुस्तक गेलेलं होतं, अक्षरजुळणी चालू झाली होती.

आणि इकडं मी एक दिवस कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवत होतो. पाणी आणायला उठलो. चमचा कुठं ठेवायचा म्हणून भाताच्या वाटीत उभा खोचला. आपण हातानं जेवणारी माणसं, चमच्याला रीत असते हे कुठं ठाऊक? परत आलो तर टेबलावरचे सगळे माझ्या वाटीकडं बघून राहिले होते. आमचा मुकादम पार्क, साठीचा माणूस, त्यानं हळूच माझा चमचा काढून बाजूला आडवा ठेवला.

मी खुणेनं विचारलं, काय झालं? त्यानं फोन काढला. या फोनमध्ये तो कोरियन बोलतो आणि फोन हिंदी बोलतो, असं आमचं चालतं. फोन म्हणाला, "जिवंत माणसाच्या भातात चमचा उभा करत नाहीत. तो मेलेल्यांसाठी. त्यांनी जेवावं म्हणून."

"आणि मग?"

"मग आपण खोलीबाहेर जायचं. ते जेवेपर्यंत."

मला एकदम कादंबरी आठवली. ती सून! मी वाटी तशीच सोडली आणि बाहेर पळालो. इथं साडेबारा वाजले होते, हट्ट्यात नऊ. सरांनी फोन उचलला.

"सर, ती रागावली न्हाई!"

"कोण रे?"

"सून! चर्चवाली! चमचा उभा करून बाहेर गेली ती! सर, ती सासऱ्याला जेवू घालून राहिली होती!"

  सर म्हणाले, "मारोती, पुन्हा सांग. सावकाश सांग." मी पार्कचं सगळं सांगितलं. सर हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला. "लेका, जन्मभर देवाला नैवेद्य दाखवला. दाखवला की पडदा ओढतो मी. काहून? तर देवानं निवांत जेवावं. स्वतःच्या हातानं पडदा ओढणारा माणूस मी, आणि ती बाई बाहेर जाऊन उभी राहिली, तर मला तिचा राग दिसला!"

त्याच गुरुवारी सरांनी वाचनालयात सगळ्यांसमोर ती अकरा पानं पुन्हा वाचली आणि वाचून झाल्यावर म्हणाले, "हे सगळं चूक आहे. बराबर काय ते नववीत शाळा सोडलेल्या मारोतीनं सांगितलं." रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे. असा मास्तर कुणी बघितलाय का? मला अभिमान वाटला. पण दुसऱ्या दिवशी सरांनी नांदेडला जाऊन पुस्तक छापखान्यातून परत आणलं.

म्हणाले, "एक निघाली. अजून किती असतील?"

झालं. तेव्हापासून तीन वर्षं आमचं भांडण. मी म्हणतो, सर, छापा. ते म्हणतात, आधी सगळ्या चुका सापडू दे. मी म्हणतो, सगळ्या सापडेपर्यंत तुम्ही शंभर वर्षांचे व्हाल. ते म्हणतात, होईन की! पण मागच्या वर्षी सरांना छातीची तकलीफ झाली. चार दिवस नांदेडला दवाखान्यात होते. मी इथं चार दिवस वेल्डिंगच्या काचेमागं रडलो. सहा वह्या फडक्यात, दुसरी प्रत नाही, आणि आम्ही सगळे मिळून काय करणार? शाल, मानपत्र, चांदीची मूर्ती. सरांना याची गरज आहे का?

इथपर्यंत मी मागच्या महिन्यात रागारागात लिहिलं होतं आणि समितीला पाठवायचं राहिलं होतं. बरं झालं राहिलं. कारण खरी गोष्ट त्यानंतरच घडली.

मी सरांकडून त्या अकरा पानांचे फोटो मागवून घेतले होते. एका सुट्टीच्या दिवशी पार्कनं मला घरी जेवायला बोलावलं. त्याची आई ऐंशीच्या पुढची, लहानशी, पाठीत वाकलेली, कट्टर चर्चवाली. जेवताना डोळे मिटून लांबलचक प्रार्थना म्हणणारी. जेवण झाल्यावर मी फोनला सरांचं लिहिणं हिंदीत सांगितलं आणि फोननं ते कोरियनमध्ये म्हाताऱ्या आजीला सांगितलं. आधी सरांची चूक सांगितली. मग खरं काय ते सांगितलं. मग पडद्याचं सांगितलं.

आजीनं जेवणाचं टेबल पुसायचं थांबवलं. पार्ककडं न बघता काहीतरी बोलली. पार्क एकदम ताठ बसला. फोननं मला सांगितलं, "सासूच्या तिथीला मी दर वर्षी करते. स्वयंपाकघरात. मुलगा कामावर गेल्यावर. चमचा लावते आणि दाराबाहेर उभी राहते. चर्चमध्ये कुणाला माहीत नाही."

पार्कलाही माहीत नव्हतं! साठ वर्षांचा माणूस, आईकडं बघत बसला. तो म्हणाला, "आई, थंडीत दाराबाहेर? मला सांगायचं होतंस."

आजी म्हणाली, "तुला सांगून काय, तू मधेच दार उघडलं असतंस!" आणि स्वतःच खुदकन हसली. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "हे लिहिणारा माणूस बायबलवाला आहे का?"

मी म्हणालो, "नाही आजी. देवळातला आहे. देवाला जेवू घालतो."

"मग त्याला कळणारच," आजी म्हणाली. "ते पुस्तक मला पाहिजे."

परवाच्या रविवारी मी हे सगळं सरांना सांगितलं. एका दमात सांगितलं. सर म्हणाले, "अरे, पण मराठीत आहे. तिला वाचता कुठं येणार?"

"सर, तिला वाचायचं न्हाई. तिला ते घरात ठेवायचंय."

  सर अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "छापू. पण एका अटीवर. माझी अकरा पानं जशी आहेत तशी राहतील. एक ओळ गाळायची न्हाई. त्याच्याखाली तुझी दुरुस्ती, तुझ्या नावानं. आणि त्याच्याखाली आजींचं, त्यांची हरकत नसेल तर, नाव न घेता. वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे की एका गुरवाला हे कळायला किती माणसं लागली."

मी कारखान्याच्या वसतिगृहाच्या गच्चीवर होतो. नाचलो. खरंच नाचलो. खालून एक नेपाळी पोरगा ओरडला, लॉटरी लागली का? मी म्हणालो, व्हय!

तेव्हा समितीला माझी हात जोडून विनंती. सहा वह्या सरांच्या घरून लवकर घ्या आणि आधी त्यांची दुसरी प्रत करा. वह्या नेताना सर पुन्हा म्हणतील, 'थांबा, चौथं प्रकरण एकदा बघतो.' देऊ नका. हो म्हटल्यावर त्यांना मागं फिरू देऊ नका, एवढी एकच गोष्ट मी इथून करू शकत नाही, ती तुम्ही करा.

आणि सर, तुम्हाला मी काय शुभेच्छा देऊ? तुमच्या गुडघ्यांनी वाचनालयाच्या पायऱ्या अजून वीस वर्षं कुरकुर न करता चढाव्यात. बारीक इंग्रजी अक्षर तुम्हाला चष्म्याशिवाय नाही, पण चष्म्यानं तरी लख्ख दिसावं. छातीनं पुन्हा घाबरवू नये. औंढ्याची पाळी आणि हट्ट्याचा गुरुवार दोन्ही तुमच्या हातून होत राहावं, आणि तुमच्या पुस्तकात अजून खूप चुका निघाव्यात, जगभरातून निघाव्यात, म्हणजे प्रत्येक चुकीमागं तुम्हाला एक नवं माणूस भेटेल.

शाल आणि मूर्तीच्या वर्गणीत माझं नाव धरू नका. समितीच्या खात्यावर आज पाठवून राहिलो ते पैसे फक्त पुस्तकाच्या छपाईचे, आणि त्यातली एक प्रत आजीसाठी माझ्या पत्त्यावर यावी: रुपये बासष्ट हजार.